मुसीकाठचे ऋण : कै. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

हैदराबादच्या जुन्या घरांतून एक शब्द आजही अधूनमधून कानी पडतो. तो शब्द म्हणजे तुघियानी. मुसी नदीला २८ सप्टेंबर १९०८ रोजी जो महापूर आला, त्याचे हे नाव. तो पूर डोळ्यांनी पाहिलेले कोणी आता आपल्यांत उरलेले नाही. परंतु त्या पुरानंतर नदीचे पाणी कोठे अडवावे, पिण्याचे पाणी कोठून आणावे आणि घाण पाणी कोणत्या वाटेने बाहेर काढावे, ह्याचा विचार ज्या पुरुषाने केला, त्याच्या विचाराच्या आधारावर हे शहर पुढे वाढले. ते पुरुष म्हणजे भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. बहुतेक वर्षी तो गणेशोत्सवाच्या मागेपुढेच येतो, आणि उत्सवाच्या गडबडीत निघूनही जातो. म्हणून ह्या अंकात त्यांचे स्मरण करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांच्या पदव्या आणि त्यांचे दिवाणपद सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते मुख्यतः कामावर उभे राहून चुना, दगड आणि पाणी ह्यांचा हिशेब ठेवणाऱ्या विश्वेश्वरय्यांविषयी.

त्यांचा जन्म १८६१ साली म्हैसूर संस्थानात, नंदी डोंगराच्या परिसरातील मुद्देनहळ्ळी ह्या खेड्यात झाला. घराणे मूळचे आंध्रातील मोक्षगुंडम गावचे, आणि घरची भाषा तेलुगू. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे विद्वान होते. घरात विद्या होती, पैसा नव्हता. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि शिक्षणासाठी मुलास बंगळूरला मामांच्या आश्रयाने राहावे लागले. एका सधन कुटुंबातील मुलांना शिकवून त्यांनी आपला खर्च चालविला आणि १८८१ साली बी. ए. ची परीक्षा उत्तम रीतीने पार पाडली. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकावयास आले. १८८३ सालच्या परीक्षेत ते पहिले आले. तेव्हाच्या रीतीप्रमाणे पहिल्या येणाऱ्यास मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नेमणूक मिळे. अशा रीतीने १८८४ साली हा कानडी मुलुखातील तेलुगू तरुण साहाय्यक अभियंता म्हणून नाशकास रुजू झाला. त्यानंतरची सुमारे चोवीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्याच्या नोकरीत घालविली, आणि त्यांपैकी बराच काळ महाराष्ट्रातच गेला. आम्हां मराठी माणसांस त्यांच्याविषयी जो घरोबा वाटतो त्याचे कारण हेच. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले ह्यांच्या मंडळींत त्यांची ऊठबस असे. तेथील डेक्कन क्लबच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता.

नोकरीच्या आरंभीचाच एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. खानदेशात पांझरा नदीच्या पात्राखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा सुरू झाला, पात्रात वाळू आणि गाळ येऊ लागला, आणि काम पावसानंतर हाती घ्यावे असे त्यांनी वरिष्ठांस कळविले. वरिष्ठांनी ह्याचा अर्थ कामचुकारपणा असा घेऊन शिस्तीविषयी कडक शेरा लिहिला. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. नदीच्या लहरीशी झगडत त्यांनी ते काम तडीस नेले, आणि वरिष्ठांनी आपला शेरा मागे घेतला. आमच्या मते ह्या प्रसंगाचे मर्म केवळ जिद्दीत नाही. त्यांचा पहिला सल्ला बरोबरच होता, आणि पुढील आयुष्यातही पाण्याची वेळ पाहून काम करणे हीच त्यांची पद्धत राहिली. मात्र एकदा काम अंगावर घेतले की सबब सांगावयाची नाही, हेही त्यांनी पांझरेच्या वाळूतच ठरविलेले दिसते.

सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. १८९४ च्या सुमारास सक्कर येथे पाणीपुरवठ्याचा प्रश्न निघाला. सिंधू नदी गावाला लागून वाहते, परंतु तिचे पाणी गढूळ. ते गाळण्यासाठी मोठे हौद बांधावयाचे तर नगरपालिकेपाशी तेवढा पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रात, काठापासून जवळच, विहीर खणविली. वाळूच्या थरांतून झिरपून पाणी विहिरीत येई ते आपोआप स्वच्छ होऊन येई. तेथून ते यंत्राने टेकडीवरील टाक्यात चढविले जाई. आपल्या खेड्यांतील बायका उन्हाळ्यात कोरड्या नदीत झरा उकरून वाटीने पाणी भरतात, त्यामागील युक्ती हीच. मोठ्या अभियंत्याने ती हलकी मानली नाही.

खडकवासल्याची कथा ह्याहून प्रसिद्ध आहे. पुण्याजवळचे ते धरण अगोदरच बांधलेले होते, पण दर पावसाळ्यात सांडव्यावरून कितीतरी पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात शहराला आणि कालव्याला टंचाई पडे. भिंतीची उंची वाढवावी तर जुन्या बांधकामावर भार पडणार. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसविण्याची योजना केली. पाणी ठरावीक उंचीपर्यंत चढले की दरवाजे पाण्याच्याच जोराने आपोआप उघडत, आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. रात्री-बेरात्री कोणी माणसाने धावत जाऊन चाक फिरविण्याची गरज राहिली नाही. १९०३ च्या सुमारास हे काम पुरे झाले, आणि भिंतीला हात न लावता जलाशयाची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. ह्या दरवाजांचे एकस्व त्यांच्या नावे नोंदले गेले. परंतु सरकारी नोकरीत असताना सरकारी कामासाठी केलेल्या रचनेवर आपण मोबदला घेणे योग्य नव्हे, असे म्हणून त्यांनी तो नाकारला.

नीरा कालव्यावर त्यांनी पाणी वाटण्याची जी गट पद्धत सुचविली, तिच्यामागेही हाच हिशेबी न्याय होता. थोड्या गावांनी उसाला वाटेल तितके पाणी द्यावे, त्यांच्या जमिनी चिबडाव्यात, आणि पुढची गावे कोरडी राहावीत, हे त्यांना पसंत नव्हते. पाणी गटागटाने आणि पिकांची पाळी ठरवून दिले तर तेच पाणी अधिक गावांना पुरते असे त्यांनी मांडले. आरंभी बागायतदारांनी विरोध केला. तो स्वाभाविकच होता, कारण ज्याच्या शेताला पाणी अगोदर पोहोचते त्याला वाटणीचा न्याय सहसा रुचत नाही.

धारवाड, विजापूर, सुरत, दूरचे एडन बंदर अशा अनेक ठिकाणच्या पाण्याची चिंता त्यांनी वाहिली. असो. सगळ्यांची यादी देण्यात अर्थ नाही. अनेक वरिष्ठांस मागे टाकून त्यांस बढती मिळत गेली हे खरे, परंतु खात्याचे सर्वोच्च पद त्या काळी हिंदी माणसाच्या हाती येणार नाही हेही त्यांना दिसत होते. १९०८ साली, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांनी नोकरी सोडण्याचे ठरविले आणि ते परदेशच्या प्रवासास निघाले. इटलीत असताना त्यांस निजाम सरकारचा निरोप मिळाला. हैदराबाद बुडाले होते.

त्या सप्टेंबरात बंगालच्या उपसागराकडून आलेल्या वादळी पावसाने मुसीचे सारे खोरे झोडपून काढले. २८ तारखेच्या पहाटेपासून पाणी शहरात शिरले. अफझल पूल वाहून गेला. नदीकाठच्या दाट वस्त्यांतील हजारो घरे मातीस मिळाली, आणि सुमारे १५,००० माणसे दगावली असा अंदाज सामान्यतः दिला जातो. उर्दू कवी अमजद हैदराबादी ह्यांची आई, पत्नी आणि कन्या तिघीही त्या पाण्यात गेल्या. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० जीव वाचले. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांनी नदीकाठी येऊन हिंदू रीतीने मुसीची पूजा केली आणि तिला साडीचोळी वाहिली, अशी कथा शहरात परंपरेने चालत आली आहे. जातिधर्माचा भेद विसरून सारे शहर त्या पाण्यापुढे एकच झाले होते, हे त्या कथेतून दिसते, आणि म्हणून ती आम्हांस प्रिय आहे.

विश्वेश्वरय्या १९०९ च्या उन्हाळ्यात हैदराबादेस आले. लोकांची अपेक्षा अशी की नदीच्या दोन्ही काठांस उंच भिंती बांधाव्यात म्हणजे झाले. त्यांनी मात्र शहराकडे पाठ करून नदीच्या उगमाकडे पाहिले. पावसाच्या नोंदी जमविल्या, पूर कोठवर चढला होता त्याच्या खुणा मोजल्या, खोऱ्यातील तलावांची गणती केली. शहराच्या वरच्या अंगास लहानमोठे ७८८ तलाव होते आणि त्यांपैकी २२१ फुटले होते, असे आढळले. येथेच अनर्थाचे मूळ होते. हे तलाव एकाखाली एक असे साखळीने बांधलेले. वरचा फुटला की त्याचे सारे पाणी खालच्यावर कोसळे, तोही फुटे, आणि असे करीत पावसाचे पाणी आणि साठ्याचे पाणी एकवटून शहरावर आले. पूर भरात असताना नदीतून दर सेकंदाला सुमारे ४,२५,००० घनफूट पाणी जात होते, असा हिशेब त्यांनी मांडला. एवढे पाणी शहरातून नेईल असा काठ बांधावयाचा म्हणजे अर्धे शहरच उठवावे लागले असते.

म्हणून त्यांनी सुचविले ते असे : शहराच्या वर, मुसीवर एक आणि तिची उपनदी ईसी हिच्यावर एक, असे दोन मोठे जलाशय बांधावेत. पूर आला की त्याने प्रथम तेथे थांबावे, आणि शहरातील पात्राला सोसवेल तेवढेच पाणी बेताबेताने खाली सोडले जावे. ह्यासाठी जलाशयात काही जागा मुद्दाम रिकामी ठेवावी लागते. पिण्यासाठी साठविलेल्या पाण्यावर एक रिकामा थर राखावयाचा, आणि तो पुराचा म्हणून पुरासाठीच सोडावयाचा. बांधकाम करणाऱ्या माणसाने रिकाम्या जागेला एवढे मोल द्यावे, ह्यातच त्यांची दृष्टी दिसते. त्यांचा अहवाल १९०९ च्या ऑक्टोबरात सरकारात सादर झाला. शहरातील नदीकाठ उंच करून तेथे बागा आणि रस्ते करावेत, भुयारी गटारे बांधावीत, अशा सूचनाही त्यांनी केल्या.

जलाशय बांधून होईपर्यंत ते येथे थांबले नाहीत. म्हैसूरने बोलाविल्यामुळे त्याच वर्षी त्यांना जावे लागले. पुढचे काम इतर अभियंत्यांनी आणि हजारो मजुरांनी पार पाडले, आणि त्याचे श्रेय त्यांचेच आहे. १९१२ साली शहरसुधारणेसाठी मंडळ नेमले गेले. मुसीवरील उस्मानसागर १९२० साली आणि ईसीवरील हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. पुढे गटारांच्या कामासाठी विश्वेश्वरय्या पुन्हा येथे आले. गंडीपेटचे पाणी एकदा प्यालेला माणूस हैदराबाद सोडीत नाही, असे जे येथे कौतुकाने म्हटले जाते, त्या गंडीपेटचा तलाव म्हणजेच उस्मानसागर. आपल्या कित्येक कुटुंबांच्या बाबतीत ते म्हणणे अक्षरशः खरे ठरलेले आहे. १९०८ सारखा संहार मुसीने त्यानंतर केलेला नाही. तरी ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले आणि सखल वस्त्यांत पाणी शिरून माणसेही दगावली. नदीच्या आणि तलावांच्या जागेत मधल्या काळात आपणच किती घरे बांधली, ह्याचा हिशेब त्या वेळी पाण्याने दाखविला.

म्हैसुरात १९०९ च्या नोव्हेंबरात ते मुख्य अभियंता झाले. कावेरीवर कन्नंबाडी येथे धरण बांधण्याची योजना त्यांनी पुढे मांडली, तेव्हा संस्थानच्या खजिन्याकडे पाहून अनेकांनी माना हलविल्या. महाराज कृष्णराज वडियार ह्यांनी विचारान्ती संमती दिली आणि १९११ साली कामास आरंभ झाला. खालच्या अंगाचे मद्रास सरकार पूर्ण उंचीस परवानगी देईना. तूर्त ८० फुटांपर्यंतच बांधा, असे ठरले. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र १३० फुटांच्या भिंतीस पुरेल एवढा रुंद घातला. तंटा आज ना उद्या मिटेल, पण पाया दुसऱ्यांदा घालता येत नाही, हा त्यामागील विचार. भिंत दगडी, आणि सांधे चुना व सुर्खीचे. भाजलेल्या विटांची भुकटी चुन्यात मिसळून केलेला हा गिलावा आपल्या जुन्या मंदिरांच्या आणि वाड्यांच्या कामातही आढळतो. सुमारे दहा हजार माणसे कामावर होती. कोलारच्या सोन्याच्या खाणींस १९१५ च्या जुलैपासून वाढीव वीज पुरविण्याचे संस्थानने कबूल केले होते. तो वायदा चुकू नये म्हणून रात्री मोठ्या दिव्यांच्या प्रकाशात काम चाले. पावसाळा आणि करार दोन्ही डोक्यावर असताना काम वेळेत उरकले. पूर्ण धरण तयार व्हावयास मात्र १९३१ साल उजाडले. सुमारे ८,६०० फूट लांबीच्या ह्या भिंतीमागील जलाशयास कृष्णराजसागर हे नाव मिळाले. मंड्या जिल्ह्याचा कोरडा मुलुख तिच्या पाण्यावर ऊस आणि भात पिकवू लागला. तेथील शेतकऱ्यांच्या घरांतून देवाच्या तसबिरींशेजारी विश्वेश्वरय्यांची तसबीर लावलेली आढळते.

परंतु देवालयाच्या पत्रिकेत हे चरित्र लिहिताना एक गोष्ट वगळून चालणार नाही. त्या जलाशयाखाली गावे गेली, आणि कन्नंबाडीचे वेणुगोपाळस्वामींचे होयसळकालीन मंदिरही गेले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या चौकटीपाशी लोकांनी माथा टेकला, ती पाण्याखाली जाताना त्या गावकऱ्यांस काय वाटले असेल, ते आपण मंदिराची माणसे जाणू शकतो. दुष्काळात पाणी खाली गेले की ते शिखररहित दगडी मंदिर वर दिसू लागे आणि लोक दर्शनास जमत. अलीकडे, एकविसाव्या शतकात, ते दगडन्‌दगड सोडवून जलाशयाच्या काठी नव्या कन्नंबाडीत पुन्हा उभारण्यात आले आहे. लाखो एकर भिजले म्हणून ह्या गावांचे दुःख लहान होते असे आम्हांस वाटत नाही. आणि त्या दुःखापायी धरण व्हावयास नको होते असेही वाटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच हिशेबाच्या वहीत लिहिल्या पाहिजेत, एवढेच.

१९१२ साली महाराजांनी त्यांस दिवाण नेमले. म्हैसूर बँक १९१३ साली आणि म्हैसूर विद्यापीठ १९१६ साली निघाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. नोकऱ्यांत मागासलेल्या जातींना राखीव वाटा असावा की नाही ह्या प्रश्नावर महाराजांशी त्यांचा मतभेद झाला आणि १९१८ च्या अखेरीस ते पदावरून दूर झाले. गुणवत्तेविषयी त्यांची निष्ठा प्रामाणिक होती, यात शंका नाही. पण ज्यांना शाळेची पायरीच चढू दिलेली नव्हती त्यांची मागणीही न्याय्य होती, असे आज आम्हांस वाटते. ह्या मतभेदानंतरही संस्थानशी त्यांनी अबोला धरला नाही. भद्रावतीचा पोलाद कारखाना अडचणीत येताच १९२३ पासून काही वर्षे त्यांनी त्याची धुरा वाहिली.

त्यांच्या राहणीविषयी अनेक कथा आहेत. सरकारी कामासाठी सरकारी मेणबत्ती आणि खासगी वाचनासाठी स्वतःची मेणबत्ती, ही त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय. तिच्या खरेखोटेपणात आम्ही शिरत नाही. ज्या माणसाने खडकवासल्याच्या दरवाजांचा मोबदला घेतला नाही, त्याच्याविषयी लोकांनी अशी कथा रचली असली तरी ती उगाच रचलेली नव्हे. डोक्यावर पागोटे, नीटनेटका पोशाख, मोजका आहार, रोजचे चालणे आणि मिनिटाचाही उशीर न खपणारा स्वभाव, असे त्यांचे वर्णन सर्वजण करतात. सहवासात ते फार गोड होते असे कोणी म्हणत नाही. तरीही त्यांच्या हाताखालच्या माणसांस त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटे. हा मनुष्य आपल्याकडून जेवढे काम मागतो त्याहून अधिक स्वतः करतो, हे त्यांना रोज दिसत असे.

१९३७ च्या ओरिसातील महापुरानंतर महात्माजींच्या विनंतीवरून त्यांनी त्या प्रांताच्या नद्यांचा अभ्यास केला. १९५२ साली, नव्वदी उलटल्यावर, बिहारात गंगेवर पूल कोठे बांधावा हे ठरविणाऱ्या समितीचे काम त्यांनी स्वतः फिरून केले. मोकामा येथील तो पूल १९५९ साली वाहतुकीस खुला झाला. १९५५ साली त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. सन्मान स्वीकारला म्हणून सरकारच्या धोरणावर टीका करण्याचे आपण थांबविणार नाही, असे त्यांनी पंडित नेहरूंस अगोदरच कळविले होते असे सांगतात. १९६० साली त्यांनी शंभराव्या वर्षात पदार्पण केले तेव्हा टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. हयातीतच हा मान मिळालेले त्यांच्या आधीचे भारतीय म्हणजे आपले महर्षी कर्वे.

एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे देहावसान झाले. मुद्देनहळ्ळीतील त्यांचे जुने घर आज जतन केलेले असून त्यांची समाधीही त्याच गावी आहे. बंगळूरहून नंदीच्या भोगनंदीश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या आमच्या सभासदांस ते गाव वाटेत थोडी वाकडी वाट केली म्हणजे सहज पाहता येते.